दाराशी ऐकलेले दोन शब्द

डॉक्टर गॅलहर यांची काठी कोपऱ्यात उभी होती आणि डॉक्टर घरात नव्हते.

फौजदार सोमाजी निकुरे यांनी खोलीत पाऊल टाकताच त्यांची नजर आधी त्या काठीवर गेली. सागाची, जाड, मुठीशी झिजलेली. मग त्यांनी बाकीचं पाहिलं. बिछाना मोडलेला नव्हता. खुंटीवर टोपी नव्हती. औषधांची कातडी पेटी नव्हती. कंदील मात्र होता, काच पुसून ठेवलेला.

मे महिना, सन १९५७. कसरगुडा हे अहेरीपलीकडचं जंगलातलं गाव. दोन दिवसांपासून डोंगरावर वणवा होता आणि हवेत त्याचा धूर होता. गावातली कुत्री उगाच उठत होती, जागा बदलत होती, पुन्हा बसत होती. सोमाजींनाही एका जागी उभं राहवत नव्हतं. मंगळवारी इथेच एका चौकशीसाठी वरचे साहेब येणार होते, तेव्हा सोमाजीही येणारच होते. पण सोमवारी सकाळीच वनरक्षक सायकल मारत ठाण्यात आला. डॉक्टर रात्रीपासून नाहीसे, आणि दवाखान्याच्या कंपाउंडरला गावानं बांधून ठेवलंय, एवढंच त्याला सांगता आलं.

कंपाउंडर चावडीपुढच्या मोहाच्या झाडाला बांधलेला होता. कायतान बार्रेटो, गोव्याचा, वय तिशीच्या आत. सदऱ्यावर रक्ताचे डाग. त्याला कोणी बांधलं, हे सोमाजींनी विचारलं. कूपाचे मुनशी पत्रूजी यांनी, असं उत्तर आलं. जंगलतोडीच्या ठेकेदाराचा कूपावरचा, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलपट्ट्यातला, सगळा कारभार त्यांच्याच हातात होता.

दवाखान्यात स्वयंपाक रुखमाबाई करायच्या. रविवारी दुपारपासून त्या शेजारच्या वस्तीवर बहिणीकडे लग्नाला गेल्या होत्या. सकाळी परतल्या तर ही गत. त्या चुलीजवळ बसून राहिल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती.

"काठी इथीच काऊन, बाई?"

"मी बी तेच पाह्यलं. गुडघा वाकडा हाये ना त्यायचा. काठीबिगर आंगनात नाई उतरत. रेंगीत बसाचं असलं तं मात्र नाई नेत. गुडघ्यात अडते म्हन्ते."

"कायतानसंगं भांडन होतं?"

"घरात दोन मानसं म्हटल्यावर भांडन होनारच, भाऊ. मायकडं जातो म्हनत होता तो. माय बिमार हाये गोव्याले. साहेब म्हने, मंगळवार होऊ दे, मंग जा." त्यांनी चुलीतली राख सारली. "जीव होता त्याचा साहेबावर. साहेब भाईर निंगाले का मांगून वरडेच, काविल तू अगदुल, काविल तू अगदुल. मी कितीदा म्हनलं, निंगाल्या मानसाले कुठी चालला म्हनून पुसू नये. आयकते कुठी."

गोव्याची बोली असेल, असं समजून सोमाजींनी ते सोडून दिलं.

पत्रू मुनशी लाकूड डेपोच्या ओसरीवर भेटले. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मोजूनमापून. त्यांनी सोमाजींना खाट दिली, पाणी दिलं. अंगणात त्यांची रेंगी उभी होती. एका घरची माणसं न्यायला पुरेल एवढी ती हलकी बैलगाडी. कसरगुड्यात बाकी सगळ्यांकडे ओझ्याच्या बंड्या, रेंगी एवढी एकच. शेजारी बैल माशा झटकत होते. त्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत करडा चिखल सुकला होता.

"काय पाह्यलं, सांगा."

"दिवे लागाच्या वक्ताले मी पायीच येऊन राह्यलो होतो. दवाखान्यासमोर आलो तं आतमंदी कल्ला. डाक्टर दाराशी, आन तो गोवेकर त्यायची वाट अडवून."

"काय बोलत होते?"

"डाक्टरचं काई समजलं नाई, त्यायची इंग्रजी. गोवेकर आपल्या बोलीत वरडत होता. खंय वता? खंय वता? दोनदा, तीनदा. मंग डाक्टरनं त्याले ढकललं आन भरभर नदीकडं चालत गेले. हा मांगून. हातात काईतरी होतं."

सोमाजींच्या हातातली पेन्सिल थांबली. "खंय वता. हेच शब्द?"

"देवाशपथ, हेच."

"तुमाले येते का ही बोली?"

"मले? मी चांद्याच्या पुढं गेलो नाई, साहेब. मतलब बी माईत नाई."

"मंग ध्यानात कसं राह्यलं?"

"कानात बसलं. असं तं कधी आयकलंच नव्हतं. कालच पयल्यांदा."

"दवाखान्यात जानंयेनं आहे तुमचं?"

"कुष्ठाचा दवाखाना, साहेब. मी पायरी बी नाई चढत. आमची बोलचाल बी नाई."

"रात्री कुठी गेले होते का?"

"नाई. घरीच. बैल बी बसून हायेत पंधरवडा झाला. हंगामात मले डेपो सोडता येत नाई."

साक्ष भक्कम होती. चांद्यापलीकडे न गेलेला माणूस गोव्याचे शब्द मनानं रचू शकत नव्हता. ते त्यानं ऐकलेच असणार. सोमाजी मोहाखाली परतले ते हे मनात पक्कं धरूनच. दोन घोट पाणी पाजून त्यांनी कायतानचे हात मोकळे केले.

"रक्त कोणाचं?"

"रोग्याचं. पायाची जखम बांधली काल दुपारी. त्या रोग्याला विचारा, तो पडवीतच आहे."

"दिवेलागणीला तू कुठे होतास?"

"नदीत. पात्रात झरा खणला आहे, तिथे पट्ट्या धुवायला गेलो होतो. आलो तेव्हा डॉक्टर नव्हते. वाटलं, रोगी बघायला गेले. रात्रभर वाट बघितली."

"नदीवर कोणी पाहिलं तुला?"

"कोणी नाही."

"खंय वता म्हणजे काय?"

कायताननं मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कुठे जातोस. आमच्याकडे असं विचारतात."

"काल डॉक्टरांना तू हे विचारलंस?"

"नाही."

"कधीच विचारलं नाहीस?"

"माझ्या बोलीत? माझ्या बोलीत त्यांना मी कधीच काही विचारलं नाही."

दोन वर्षं एका छपराखाली राहिलेला माणूस हे सांगत होता. सोमाजींना ते धडधडीत खोटं वाटलं. त्यांनी ते जसंच्या तसं टिपून घेतलं. हवालदार पोचू जीपजवळ उभा होता. याला बेडी घाल, संध्याकाळपर्यंत चांद्याला पाठवायचं, असं त्याला सांगून ते उठले.

वाटेत कुंता उभी होती.

कुंता डोमाची बायको. डोमा कूपावर लाकूडतोड्या होता. आठ दिवसांपूर्वी मेला. अंगावर झाड पडलं, असं पत्रू मुनशींनी कळवलं होतं. प्रेत तपासलं ते डॉक्टर गॅलहर यांनी. मनगटांवर दोराचे वळ आहेत आणि पाठीवरचा मार झाडाचा नाही, असं त्यांनी वर कळवलं. मंगळवारची चौकशी त्यासाठीच होती.

कुंता रडत नव्हती. तिनं एकच विचारलं.

"साहेब, डाक्टर नाई. कंपोंडर बी चाल्ला. आता उद्या सांगन कोन?"

"कंपाउंडरचं काय?"

"त्यानंच तं माया मालकाले उलटंपालटं केलं, डाक्टर पाहे तवा. दोघायनंच पाह्यलं. तिसऱ्या कोनाले जवळ येऊ देल्लं नाई मुनशीनं."

सोमाजींनी मनात जुळवून पाहिलं. एक नाहीसा, दुसरा बेड्यांत. उद्या साहेबांपुढे उभं राहायला कोणीच उरत नव्हतं. पण ज्याचा फायदा होतो तोच गुन्हेगार, असं फौजदाराला म्हणता येत नाही. शिवाय ते दोन शब्द होते. ते खरे होते.

दुपार चढली. जंगलात हिंडून आलेली माणसं हात हलवत परतली. नदीकडच्या वाळूत डॉक्टरांचा कुठेच माग नव्हता. डॉक्टर साठीचे होते. कुठे जखमी पडले असतील, तर या उन्हात आणि अशा धुरात पाण्यावाचून किती तग धरणार? सोमाजी दवाखान्यात परत आले, उगाचच. स्वयंपाकघराच्या दाराशी भांड्यांचा ढीग तसाच पडलेला होता.

"भांडी नाई घासली, बाई?"

"ते मायी नाई. शनवारच्या रात्रीची हायेत. साहेबाची पाळी होती." रुखमाबाईंना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही. "हारले ना ते."

"कशात?"

त्यांनी सांगितलं ते तुटक होतं, मध्ये मध्ये नाक पुसत. पण त्यात गोम होती. दोन वर्षांपूर्वी या दोघांनी एक उद्योग काढला होता. रोज जेवताना एक साधं वाक्य घ्यायचं. मीठ दे. पाय दुखतो. आज धूर फार आहे. गोवेकरानं ते डॉक्टरांच्या बोलीत करायचं आणि डॉक्टरांनी गोव्याच्या. ही डॉक्टरांची बोली म्हणजे इंग्रजी नव्हे. त्यांच्या आयर्लंडातल्या गावाची, समुद्राकाठची. ती बोलणारं आता तिथेही कमीच उरलं होतं. वाक्य बसलं की ते त्या दिवसापासून लागू.

"लागू म्हंजे?"

"म्हंजे मंग ते साहेबानं गोव्याच्याच बोलीत म्हनाचं आन यानं साहेबाच्याच. आपली बोली जो बोलन तो हारला. त्यानं रातची भांडी घासाची."

"एकमेकांशी असंच बोलत? सारखं?"

"सारखंच. घरात दुसरं काई चालतच नाई. मी एकडाव पुसलं, काऊन असा उलटा कारभार? तं कायतान म्हने, बाई, आपली बोली आपल्याले बोलता येतेच. आयकाले नाई भेटत. गोव्याची वाट सरकारनं बंद केली, मायी चिठ्ठी बी सहा-सहा महिने येत नाई. साहेब बोलते तवा मी घरी असतो. आन मी बोलतो तवा साहेब."

सोमाजी उंबऱ्यावर बसले. त्यांनी विचारलं, "पन बाई, मानूस चिडला का आपल्याच बोलीवर येते."

"हे नाई येत. मांगच्या थंडीत यानं साहेबाच्या पायावर आंधनाचं पानी सांडवलं. तासभर भांडले दोघं. साहेब गोव्याच्या बोलीत शिव्या देऊन राह्यले, आन हा त्यायच्या. मी भाईर हासून हासून बेजार."

"सकाळी तुम्ही काय म्हनत होते? साहेब निघाले का हा काय वरडते?"

"काविल तू अगदुल. ते साहेबाची बोली. तू म्हंजे तूच हाये त्यायच्यात बी, म्हनून ध्यानात राह्यलं. कुठी चालला, असंच हाये ते."

"आन साहेब बाहेर कोनाशी बोलले तं? रोग्यायशी?"

"मराठी थोडीथोडी. अडलं का गोव्याचीच. मराठीच्या जवळ हाये म्हन्ते. कुठी च्या जागी खंय म्हनते. लोकं हासते."

सोमाजी उठले. बाहेर येऊन त्यांनी पोचूला गाडी थांबवायला सांगितलं. मग पंचांना आणि पत्रू मुनशींना चावडीवर बोलावलं. मुनशींनी रेंगीतूनच यावं, असा निरोप मुद्दाम दिला.

चावडीवर माणसं जमली. कायतान मोहाखालीच बसला होता. कुंता लोकांच्या मागे, हातात पाण्याचा तुंबा घेऊन उभी होती. सोमाजींनी मुनशींना साक्ष पुन्हा द्यायला लावली. मुनशींनी ती शब्दही न बदलता दिली. ऐकलेले दोन शब्द म्हणताना त्यांचा आवाज थोडा चढला.

"हे शब्द कालच पहिल्यांदा आयकले?"

"कालच."

"मुनशीजी, ते तुम्ही आयकले, हे मले मान्य आहे. ते तुम्हाले रचता येनार नाईत. पन कायताननं ते म्हटले नाईत. रुखमाबाई, कायतानले साहेबाले कुठी चालला म्हनाचं असलं तं तो काय म्हनते?"

रुखमाबाईंनी ते म्हणून दाखवलं. मागून दोघाचौघांनी माना डोलावल्या. दवाखान्यावरून जाताना ती हाक त्यांच्याही कानावर पडली होती. सोमाजींनी मग पंचांना त्या घरचा नियम समजावून सांगितला. कोण काय बोलायचा, का बोलायचा, हरला की काय करायचा. लोक ऐकत होते. मुनशीही ऐकत होते. त्यांचा हात उपरण्याच्या टोकाशी गेला आणि तिथेच राहिला.

"या साऱ्या जंगलात गोव्याची बोली मोठ्यानं बोलनारा मानूस एकच," सोमाजी म्हणाले. "तो गोवेकर नाई. तो गोरा डाक्टर. तुमचं इथंच चुकलं. डाक्टर ही बोली कायतानकडून शिकले, हे गावाले माईत आहे. तुम्हाले वाटलं, ज्याच्याकडून शिकले तो बी त्यायच्याशी तसाच बोलत असन. म्हनून जे डाक्टरच्या तोंडून आयकलं ते कायतानच्या तोंडी घातलं. घरचा नियम आत राहनाऱ्याले माईत. तुम्ही पायरी चढत नाई."

"घरातच आयकलं असन मी, डाक्टरच म्हनत असन," मुनशी म्हणाले. "अंधार होता."

"दिवेलागन होती. तुम्ही कायतानले वरडताना पाह्यलं, असं दोनदा सांगतलं. आन डाक्टर कायतानची वाट अडवत होते, असं म्हनाचं आहे का आता?"

मुनशी उपरण्याचं टोक पिळू लागले.

"डाक्टरनं खंय वता म्हटलं, ते कोनाले म्हटलं? जो त्यायले घेऊन चाल्ला होता त्याले. तुम्ही म्हनता ते पायी नदीकडं गेले, तेबी भरभर. त्यायची काठी घरी आहे. काठीबिगर ते आंगन उतरत नाई. रेंगी दाराशी आली तवाच काठी घरी राह्यते. कंदील बी घरी. उजेड होता तवाच गेले. पेटी नेली, म्हंजे कोनी बिमार आहे म्हनून बोलावलं. गावात रेंगी एक."

ते खाली उतरले आणि रेंगीपाशी गेले. चाकाच्या आसाजवळचा चिखल त्यांनी नखानं खरवडला. वरचं कवच उडालं. आतला चिखल ओला होता. बोट वर करून त्यांनी ते पंचांना दाखवलं.

"बैल पंधरवडा बसून आहेत, असं मुनशीजी म्हनते. मे महिना आहे. नदीत वाळू आहे. मले सांगा, गुडघाभर चिखल या भागात कुठी आहे?"

पंचांपैकी इस्तारी ढिवर मागे बसला होता. आयुष्यभर तळ्यात जाळं टाकणारा माणूस. त्याला विचार करावा लागला नाही. "जुन्या कूपाच्या बोडीत. बाकी साऱ्या तळ्याबोड्या आटल्या."

"तिथी काय आहे?"

"बोडीपल्याड कूपाचं खोपडं हाये. मुनशीजीकडं कुलूप हाये त्याचं."

मुनशींनी चौफेर नजर टाकली. त्यांच्याच कूपावरची माणसं समोर होती. कोणीही त्यांच्याकडे पाहत नव्हतं. सगळे कुंताकडे पाहत होते.

"मारलं नाई मी त्यायले," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "उद्याची तारीख जाऊ देनार होतो. मंग सोडनारच होतो."

"पानी ठेवलं?"

सोमाजींनी हात पुढे केला. मुनशींनी कमरेची किल्ली काढून दिली. कायतानच्या हातांवरचे वळ अजून लाल होते. त्या हातांतली बेडी काढून पोचूनं ती मुनशींना घातली.

जीप बोडीपर्यंत गेली. पुढे चिखल होता. तो तुडवत सगळे गेले. कायतान सर्वांत पुढे, अनवाणी, धडपडत. खोपडं कुडाचं होतं, दार सागाच्या फळ्यांचं. कुलूप उघडायला वेळ लागला. सोमाजींची बोटं घामानं निसटत होती.

डॉक्टर कुडाला टेकून बसलेले होते. हात मागे बांधलेले, ओठ फुटलेले, टोपी मांडीवर पडलेली. डोळे उघडे होते. दारातल्या उजेडाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग ओठ हलले.

"आयज मंगळार?"

"नाही, सोमवार," सोमाजी म्हणाले. "उद्या आहे चौकशी."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. तोवर कायतान गुडघ्यांवर बसून दोर सोडवत होता. गाठ सुटत नव्हती. तो रडत होता आणि भराभर काहीतरी बोलत होता. कोणें केलें, कितें केलें तुका, हांव सगळी रात तुजी वाट पळयतालों. दोन वर्षांत पहिल्यांदा तो डॉक्टरांशी आपल्या बोलीत बोलत होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

डॉक्टरांना कळलं.

कुंतानं तुंबा त्यांच्या ओठांना लावला. ते थोडं पाणी प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. तिच्याकडे पाहून म्हणाले, "देव बरें करूं."

"समजलं, साहेब," कुंता म्हणाली. "उद्या तेवढं सांगा."

त्यांनी मान हलवली. मग कायतानकडे वळले. आवाज घोगरा होता, पण शब्द नीट होते, गोव्याचे.

"तूं हारलो. आयज आयदनां तुजीं."

कायतानचे हात दोरावर थांबले. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि त्या समुद्राकाठच्या बोलीत उत्तर दिलं. काय ते सोमाजींना कळलं नाही. पण शनिवारची भांडी अजून पडून आहेत, ती कोणाची पाळी होती, असंच काहीसं असावं. कारण डॉक्टर हसायला गेले आणि फुटलेल्या ओठामुळे अर्ध्यावरच थांबले.

सोमाजी बाहेर आले. काठी आणायला त्यांनी माणूस पाठवला.